ब्रंच आणि खाद्यमेळे: ठिकाण नंतर, आधी वेळ ठरवा

शहरातली ब्रंचची, म्हणजे सकाळी उशिरा नाश्ता आणि जेवण एकत्रच उरकण्याची, ठिकाणं कशी शोधावीत यावर हवे तितके सल्ले मिळतात आणि बहुतेक सगळे नावांच्या यादीवर येऊन थांबतात. अमुक कॅफे, तमुक बुफे, ही दहा ठिकाणं चुकवूच नका. तिथे किती वाजता जायचं, हे कुणी सांगत नाही. खरी गोम तर तिथेच आहे. साडेदहाचं आणि साडेबाराचं ऑम्लेट एकाच माणसाने एकाच तव्यावर केलेलं असतं. तरी एक मऊसूत येतं आणि दुसरं चिवट. मग घरी येऊन लोक लिहितात, 'नाव मोठं, लक्षण खोटं.' लक्षण ठीकच होतं, तुम्ही चुकीच्या तासाला गेलात.

यादी करा, पण छोटी

एका दिवशी एकच भाग, पायी फिरता येईल इतका. तीन नावं पुरतात: एक जायचं, एक ते बंद निघालं तर, एक नुसती कॉफी प्यायला. निघण्याआधी फोन करून खात्री करा.

रिव्ह्यू कसे वाचायचे

तारे बघू नका. मायकेल लुका या अर्थशास्त्रज्ञाने सिएटलमधल्या हॉटेलांचा अभ्यास २०११ मध्ये मांडला. येल्प या रिव्ह्यूंच्या साइटवर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांवर होता, मोठ्या साखळ्यांवर नाही. एका ताऱ्यामागे इतका पैसा असेल तर तो तारा मिळवायला लोक काय काय करतील, याचा विचार तुम्हीच करा. २०१७ मध्ये लंडनमध्ये ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने आपल्या परसातल्या शेडला हॉटेल म्हणून ट्रिपॲडव्हायझर या तशाच साइटवर नोंदवलं, ओळखीच्यांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले आणि काही महिन्यांत ते 'हॉटेल' शहरात पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवलं. तोवर तिथे एकाही गिऱ्हाइकाच्या पानात काही पडलेलं नव्हतं.

कामाचे रिव्ह्यू असतात ते मधले, तीन ताऱ्यांचे. रागाने लिहिणारा आणि भारावून लिहिणारा, दोघंही तपशील देत नाहीत. मधला माणूस लिहितो, 'पॅनकेक छान, पण चाळीस मिनिटं थांबलो.' गेल्या दोन-तीन महिन्यांतलेच वाचा, कारण शेफ बदलला की जुनी स्तुती निकामी होते. फोटो गिऱ्हाइकांनी काढलेले बघा. आणि रील बघून तर कुठेही जाऊ नका. ती बहुतेक वेळा आडवारी, रिकाम्या हॉटेलात, अख्खं किचन एकाच ताटावर वाकलेलं असताना काढलेली असते.

वेळ: इथेच सगळे अडतात

मीसुद्धा बराच काळ इथेच अडले होते. 'लवकर जा' हा सल्ला सगळेच देतात आणि तो अर्धवट आहे. दार उघडताच आत शिरलात तर तवा सगळीकडे सारखा तापलेला नसतो, कॉफीवाल्याने ग्राइंडर त्या दिवसाच्या बियांना जुळवून घेतलेला नसतो, ब्रेड कधी कधी अजून यायचाच असतो. घरी पॅनकेक करणाऱ्या कुणालाही विचारा, पहिला पॅनकेक बिघडतो. हॉटेलातला पहिला का बिघडणार नाही? तो तुमच्या ताटात यावा असा हट्ट धरू नका.

दुसऱ्या टोकाला गर्दी. ब्रंचच्या किचनची अडचण नीट समजून घ्या, म्हणजे वेळ आपोआप कळते. जेवणाच्या वेळी बरंचसं आधी शिजवून ठेवलेलं असतं, गरम करून वाढायचं असतं. ब्रंचला मात्र अंडी लागतात, तीही ऑर्डर आल्यावर, प्रत्येकाची निराळी, आणि सगळ्यांना एकदमच. अंड्याचं पांढरं ६२ अंश सेल्सिअसच्या आसपास धरायला लागतं आणि ८० च्या सुमारास कडक होतं. पिवळं ६५ ते ७० च्या दरम्यान घट्ट होतं. पांढरं धरलेलं आणि पिवळं वाहतं, हे पोच्ड, म्हणजे कवच फोडून गरम पाण्यात सोडून शिजवलेल्या, अंड्याचं सगळं कौतुक त्या काही अंशांच्या फटीत बसलेलं असतं. शांत किचनमध्ये ते सहज साधतं. वीस ऑर्डरी लटकलेल्या असताना अंडी आधीच पोच करून बर्फाच्या पाण्यात ठेवतात आणि वाढताना मिनिटभर गरम पाण्यात सोडतात. यात फसवणूक काही नाही, चांगली किचनंही हेच करतात. पण घाईत ते मिनिट पुरं होत नाही आणि मधोमध गार अंडं येतं, नाहीतर मिनिटाची तीन मिनिटं होतात आणि पिवळं खडूसारखं निघतं.

त्यावर ओततात ते हॉलंडेज सॉस तर आणखी नाजूक प्रकरण. अंड्याचं पिवळं आणि लोणी फेटून केलेला हा सॉस गार झाला की लोणी थिजतं, जास्त तापला की अंड्याच्या गुठळ्या होऊन तो फुटतो. म्हणून तो कोमट ठेवतात आणि नेमकी तीच कोमट जागा जंतूंनाही आवडते. दोन तासांच्या वर तो ठेवायचा नसतो, फेकून नवा करायचा असतो. ऐन गर्दीत कोण फेकतं, कोण नाही, ते तुम्हाला टेबलावरून दिसत नाही. म्हणून माझा नियम साधा आहे: हॉलंडेजचा पदार्थ पहिल्या तासा-दीड तासात, नंतर अजिबात नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी.

तर वेळ अशी धरा: उघडल्यानंतर अर्ध्या तासाने टेबलावर बसलेलं असावं आणि त्याच्या पुढच्या तासाभरात ऑर्डर जायला हवी. तव्याला ताप चढलेला असतो, हात बसलेला असतो आणि चिठ्ठ्यांची माळ अजून लागलेली नसते.

गर्दीचा तास कोणता, हे गुगल मॅप्सवरच्या गर्दीच्या खांबांवरून अंदाजे कळतं. पण तो आलेख माणसं मोजतो, ऑर्डरी नाही. दाराशी ताटकळणारेही त्यात आले. किचनची तारांबळ त्या सर्वांत उंच खांबाच्या थोडी नंतर उडते, कारण माणसं आधी बसतात, मेनू चाळतात, मग सगळी टेबलं एकदमच हात वर करतात. तेव्हा उंच खांबाच्या आधीचा तास धरा. नंतरचा धरलात तर पस्तावाल.

वार निवडायचा तर शनिवार. रविवारी सकाळी उशिरा उठून खाण्याची ही कल्पना गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने १८९५ मध्ये एका लेखात मांडली, शनिवारची रात्र जागवणाऱ्यांच्या सोयीसाठी. तेव्हापासून सगळं जग रविवारी अकरा ते एकच्या दरम्यान एकाच दारात उभं आहे. त्या रांगेत तुम्ही भर घालायची गरज नाही. रविवारच हवा असेल तर बुकिंग करा आणि पहिली वेळ सोडून दुसरी मागा.

फारच उशीर झाला तर गर्दीत घुसण्यापेक्षा ती ओसरेपर्यंत थांबा. अशा वेळी 'हॉटेल किती वाजता बंद होतं' हे विचारू नका, 'किचन शेवटची ऑर्डर कधी घेतं' हे विचारा. या दोहोंत कधी कधी तासाभराचं अंतर असतं. आणि पॅनकेक तेव्हा मागवू नका. सकाळी कालवलेल्या पिठातले बुडबुडे दुपारपर्यंत निघून गेलेले असतात आणि पॅनकेक बसका येतो.

अजून एक, माणसं किती न्यायची. चौघांपर्यंत ठीक. सहा-आठ जणांची ऑर्डर एकदम गेली की पहिलं ताट येतं तेव्हा शेवटचं अंडं अजून फोडलेलं नसतं. मग एकाचं गार होतं, दुसरा बघत बसतो. मोठा गोतावळा असेल तर बुफेला जा.

बुफे असेल तर

बुफेत घड्याळाचं काम नजरेने करायचं. आल्या आल्या ताट उचलू नका, आधी एक फेरी मारा. कोणतं भांडं संपल्यावर बदलतात आणि कोणत्या भांड्यात जुन्यावरच नवं ओततात, ते बघा. ओतणारं भांडं सोडून द्या. स्क्रॅम्बल्ड अंड्यांच्या कडा हिरवट दिसल्या तर ती बराच वेळ आचेवर आहेत: पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह यांचा संयोग होऊन तो रंग येतो. अपाय काही होत नाही, पण तासभर शिजत राहिलेलं अंडं खायला तुम्ही एवढ्या लांब आला नव्हतात. समोर करून देणारा काउंटर असेल तर पहिली वारी तिथे. जे गरम असायला हवं ते वाफाळलेलं असावं, कोमट असेल तर पुढे सरका.

बुफेत पोट भरल्यावरही हात का थांबत नाही, याचं उत्तर बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दिलं: जे खाल्लं त्याचीच गोडी उतरते, न खाल्लेल्याची तशीच राहते. म्हणून चार पदार्थांपाशी थांबा. चाळीस ठेवलेत म्हणून चाळीस चाखायचे नसतात.

खाद्यमेळे आणि महोत्सव

मोठ्या महोत्सवांच्या जाहिराती तुमच्यापर्यंत आपणहून पोहोचतात, त्या शोधायला लागत नाहीत. छोटे कार्यक्रम शोधावे लागतात: वाचनालयाचा फलक, स्थानिक वर्तमानपत्राचं आतलं पान, बाजारातल्या विक्रेत्यांशी दोन शब्द. एखाद्या समाजाने आपल्या सभागृहात ठेवलेलं सामुदायिक जेवण माझ्या मते शंभर स्टॉलच्या मेळ्यापेक्षा नेहमी सरस, कारण तिथे रांधणारी माणसं रोज घरी तेच रांधतात.

मेळ्यातही पहिला तास सोडा. तेव्हा कुणाचा गॅस जोडायचा असतो, कुणाला वीज मिळालेली नसते, कुणाचं पैसे घ्यायचं यंत्र चालत नाही. दुसऱ्या तासाला जा आणि पूर्ण मैदान रिकाम्या हाताने फिरून या. ही फेरी लोकांना जमत नाही. दारातल्या पहिल्याच स्टॉलवर पोट भरतात आणि मग आतल्या कोपऱ्यात खरी चीज दिसल्यावर हळहळतात. फिरताना मेनूचे फलक वाचा. तीन पदार्थ विकणारा स्टॉल वीस पदार्थांवाल्यापेक्षा बरा. चार फुटांच्या ओट्यावर वीस पदार्थ ताजे होऊ शकत नाहीत, म्हणजे ते कुठून तरी करून आणलेले आहेत.

लांब रांग म्हणजे चांगलं खाणं, हा गैरसमज काही केल्या जात नाही. रांग दोन कारणांनी लांबते: मागणी जास्त किंवा हात मंद. ओळखायचं कसं? रांगेच्या शेपटीकडे बघू नका, तोंडाशी उभे राहा. भराभर ताटं बाहेर पडतायत आणि तरी रांग आहे, तर लागा. एकच शेगडी, एकच माणूस, तोच पैसे घेतोय, तोच मोबाइल धरतोय आणि त्याच हाताने खाणं वाढतोय, तर रांग कितीही मोठी असो, निघा. जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे की शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये. मेळ्यातल्या उघड्या पातेल्याजवळ उभं राहून ही सूचना आठवावी. कापून मांडलेली फळं मी मेळ्यात खात नाही.

कूपनं असतील तर थोडीच घ्या, दोन पदार्थांपुरती. उरलेल्या कूपनांचे पैसे परत मिळतात का, हे घेतानाच विचारा. बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. शेवटच्या दिवशीच्या शेवटच्या तासातली सवलत टाळा. ती का देतायत ते उघड आहे.

एखाद्या स्टॉलवरचं मनापासून आवडलं तर गर्दी कमी झाल्यावर त्यांना विचारा, एरवी कुठे बसता? अनेकांचं छोटं दुकान किंवा घरगुती काम असतं आणि मेळ्यात ते सोपे, भराभर होणारे पदार्थच आणतात. जे नीट वेळ देऊन करतात ते दुकानातच मिळतं.

नोंद

ठिकाण, पदार्थ, वार आणि ताट समोर आलं ती वेळ, इतकंच लिहा. तारे देऊ नका. एखादं ठिकाण आवडलं तर त्याच पदार्थासाठी वेगळ्या वारी, पण त्याच तासाला पुन्हा जा. दुसऱ्यांदाही तसंच निघालं तर मग मित्रांना नाव सांगा, आणि नावाबरोबर तासही सांगा, नाहीतर ते रविवारी साडेबाराला जातील आणि शिव्या तुम्हाला पडतील.