जुनी गाडी दान करताय? आधी पैसे कोणाकडे जाणार ते विचारा

आमची 2006 ची कोरोला आम्ही इथे न्यू जर्सीत दान केली. ट्रान्समिशन गेलं होतं आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त येत होता. पण दोन्ही पोरांना हॉस्पिटलमधून घरी आणलं ते तिच्यातून, म्हणून ती सत्कारणी लागावी असं मनापासून वाटत होतं.

रेडिओवर जाहिरात ऐकली की लगेच नंबर फिरवू नका. बऱ्याचदा फोन उचलणारा संस्थेचा माणूस नसतोच, मधली कंपनी असते, ती गाडी उचलून नेते, लिलावात विकते, आपला वाटा कापून घेते आणि उरेल ते संस्थेला देते. यात बेकायदेशीर काही नाही, पण सरळ विचारा, गाडी 1,000 डॉलरला गेली तर संस्थेच्या हातात किती पडणार? एका ठिकाणी मी तीनदा विचारलं, आकडा काही मिळाला नाही, मग मी तो नाद सोडला. त्यापेक्षा ज्यांचं काम तुम्ही डोळ्याने बघितलंय अशा संस्थेला थेट फोन करा आणि गाडी घेता का विचारा.

मग संस्थेचं पूर्ण नाव आणि ईआयएन नंबर (सरकारने संस्थेला दिलेला ओळख क्रमांक) मागून घ्या आणि आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या, साईटवर टॅक्स एक्झेम्प्ट ऑर्गनायझेशन सर्चमधे (करमुक्त संस्थांची यादी) टाका. नंबरच टाका, कारण एका शब्दाच्या फरकाने सारखीच वाटणारी नावं भरपूर असतात. मंदिराला द्यायची असेल आणि नाव यादीत दिसलं नाही तर लगेच खोटं समजू नका, प्रार्थनास्थळांना अर्ज न करताही करातून सूट मिळते. बाकीच्यांचा फॉर्म 990 (संस्था दरवर्षी आयआरएसला देते तो हिशेब) उघडून बघा, पैसा कामावर जातो की जाहिरातीवर ते कळतं. चॅरिटी नॅव्हिगेटर आणि चॅरिटीवॉच या संस्थांची पारख करणाऱ्या साईटवर पण एक नजर टाका.

टॅक्सचं म्हणाल तर, संस्थेने गाडी विकली तर साधारणपणे ती जेवढ्याला विकली तेवढंच डिडक्शन (करपात्र उत्पन्नातून वजावट) मिळतं, ब्लू बुकमधली (जुन्या गाड्यांच्या बाजारभावाची यादी) किंमत नाही, आणि स्टँडर्ड डिडक्शन (सगळ्यांना मिळणारी सरसकट वजावट) घेत असाल तर काहीच नाही. 500 डॉलरच्या वर क्लेम करायचा असेल तर संस्थेकडून 1098-सी फॉर्म (गाडी दान केल्याचा कागद) लागतो, तो विक्रीनंतर 30 दिवसांत देतात का ते आधीच विचारून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद! टो ट्रकवाला मला म्हणाला, फक्त सही करा, नाव ऑफिसमधे भरतील. अजिबात करू नका. बायरच्या जागी संस्थेचं नाव स्वतःच्या हाताने लिहा आणि फोटो काढून ठेवा, नाहीतर कागदावर गाडी तुमचीच राहते आणि दुसऱ्याचे टोल, पार्किंगची तिकिटं तुमच्या घरी येतात. न्यू जर्सीत नंबर प्लेट काढून मोटर व्हेइकल कमिशनला परत द्याव्या लागतात, त्याची पावती घ्या आणि मगच इन्शुरन्स बंद करा. ईझीपास (टोल भरायचं यंत्र) काढा, ब्लूटूथमधले फोन नंबर पुसा.

आणि डॅशबोर्डवरचा गणपती आदल्या दिवशीच काढून ठेवा, इतक्या वर्षांचा गोंद ऐनवेळी सुटत नाही, आमचा हेअर ड्रायरची गरम हवा देऊन हळूहळू सोडवला आणि नव्या गाडीत बसवला.