मुलाचा ताबा: सीमाभागातील आईवडिलांनी कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी कुटुंबांच्या सोयरिकी राज्याची हद्द पाहून जुळत नाहीत. मुलगी बेळगावची आणि सासर कोल्हापूरचे, किंवा चंदगडची सून खानापुरात, हे इथे घरोघरी दिसते. संसार मोडला की मात्र तीच हद्द आडवी येते, कारण अलीकडची न्यायालये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या अधिकाराखाली आहेत आणि पलीकडची मुंबई उच्च न्यायालयाच्या. म्हणून मूल कोणाकडे राहील याच्याही आधी अर्ज कुठे करायचा हे ठरवावे लागते. त्यात चूक झाली तर मुलाच्या भल्याचा विचार बाजूला राहतो आणि कित्येक तारखा केवळ अधिकारक्षेत्राच्या वादात जातात.

अर्ज कोणत्या न्यायालयात करावा

ताब्याचा किंवा पालकत्वाचा स्वतंत्र अर्ज 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली होतो आणि त्याच्या कलम 9 नुसार तो, अल्पवयीन मूल जिथे सामान्यतः राहते, त्या ठिकाणच्या न्यायालयात करावा लागतो. आईचे माहेर कुठे किंवा वडिलांचे घर कुठे, याला इथे दुय्यम महत्त्व आहे. मूल सामान्यतः कुठे राहते हा वस्तुस्थितीचा प्रश्न असून तो पुराव्यावरून ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने रुची माजू प्रकरणात 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. दिवाळीच्या सुट्टीला मुलाला बेळगावला आणून आठवड्याभरात अर्ज केला, तर समोरचा पक्ष पहिली हरकत याच मुद्द्यावर घेईल. मुलाचे नाव इथल्या शाळेत घातले असेल, त्याचे औषधपाणी इथल्या दवाखान्यात होत असेल आणि परत जाण्याचा विचार खरोखरच उरलेला नसेल, तर अर्जाला चांगला आधार मिळतो. त्यासाठी शाळेचा बोनाफाईड दाखला, फीच्या पावत्या, अंगणवाडीतील नोंद, लसीकरणाचे कार्ड आणि दवाखान्याचे कागद पहिल्या दिवसापासून एका फाईलमध्ये लावून ठेवावेत. आधार कार्डावर अनेकदा जुनाच पत्ता राहिलेला असतो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबून राहू नये.

घटस्फोट, पोटगी आणि संरक्षण यांचे नियम याहून वेगळे आहेत आणि माहेरी परतलेल्या स्त्रीला ते अधिक सोयीचे आहेत. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 नुसार पत्नी स्वतः जिथे राहते तिथे अर्ज करू शकते, आणि त्याच प्रकरणात कलम 26 खाली मुलाचा ताबा, खर्च व शिक्षण यांबाबत आदेश मागता येतो. मारहाण किंवा छळ असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. तिथे तात्पुरते वास्तव्यही पुरते आणि कलम 21 खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. नुकत्याच घराबाहेर पडलेल्या स्त्रीसाठी हा मार्ग सर्वांत जवळचा आहे, असे माझे मत आहे.

पतीने आधीच कोल्हापूर किंवा गडहिंग्लजच्या न्यायालयात अर्ज दाखल केला असेल, तर ‘ते महाराष्ट्रातले कोर्ट, आपल्याला काय’ असे म्हणून समन्स बाजूला ठेवू नये. हजर न राहिल्यास एकतर्फी आदेश होतो आणि तो नंतर उलटवणे फार जड जाते. प्रकरण एका राज्याच्या न्यायालयातून दुसऱ्या राज्याच्या न्यायालयात वर्ग करण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 25 नुसार केवळ सर्वोच्च न्यायालयाला आहे. दोन्ही गावे एसटीने दोन-तीन तासांवर असली तरी त्यासाठी दिल्लीलाच अर्ज करावा लागतो. पत्नीची गैरसोय, कडेवरचे मूल आणि प्रवासाला सोबत नसणे या गोष्टी तिथे विचारात घेतल्या जातात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडून स्त्रियांना मोफत वकीलही मिळू शकतो.

बेळगावात कुटुंब न्यायालय आहे. खानापूर, चिक्कोडी, निपाणी अशा तालुक्यांतील रहिवाशांनी आपले प्रकरण तिथे चालेल की अन्य दिवाणी न्यायालयात, हे वकिलाकडून आधीच पक्के करून घ्यावे. लग्न गोव्यात नोंदवलेले असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगावे, कारण तिथला कौटुंबिक कायदा वेगळा आहे.

मूल कोणाकडे, हे कशावरून ठरते

1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 6 मध्ये वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई नैसर्गिक पालक आहेत, असे म्हटले आहे. हे वाचून अनेक माता खचतात. वास्तविक गीता हरिहरन प्रकरणात 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला आहे की वडील हयात असतानाही ते मुलाकडे पाहत नसतील तर आई नैसर्गिक पालक ठरू शकते. शिवाय पालकत्व वेगळे आणि ताबा वेगळा. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे त्याच कलमात आहे, आणि कलम 13 नुसार मुलाचे हित सर्वांत वर आहे.

पाच वर्षे पूर्ण होताच मूल आपोआप वडिलांकडे जाते, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. ठरावीक वयानंतर मूल म्हणेल तसेच होते, हेही खरे नाही. समज आलेल्या मुलाचे मत न्यायालय विचारात घेऊ शकते, बरेचदा न्यायाधीश आपल्या दालनात त्याच्याशी बोलतात, परंतु निर्णय त्यांचाच असतो. आईला कमाई नाही एवढ्यावरून तिचा ताबा नाकारला जात नाही, कारण खर्च देण्याची जबाबदारी वडिलांवर टाकता येते. पुनर्विवाहानेही हक्क आपोआप जात नाही. मुस्लिम कुटुंबांत वैयक्तिक कायदा विचारात घेतला जातो, मात्र तिथेही अर्ज 1890 च्याच कायद्याखाली होतो आणि मुलाच्या हिताची कसोटी टळत नाही.

मुलाला रोज शाळेला कोण सोडते, आजारपणात उशाशी कोण बसते, भावंडे एकत्र राहतील का, घरात दारू किंवा मारझोड आहे का, अशा गोष्टी अर्जात तारखांसह आणि साध्या भाषेत लिहाव्यात. मूल मराठी शाळेत शिकत असेल आणि ताबा बदलल्याने माध्यमच बदलणार असेल, तर तेही आवर्जून लिहावे. शिक्षणात खंड पडू नये हा मुलाच्या हिताचाच भाग आहे. जोडीदाराच्या चारित्र्यावर पानेच्या पाने खर्च करण्यापेक्षा मुलाच्या दिनक्रमाचे एक पान अधिक उपयोगी पडते.

बाँडपेपरवरचा समझोता

गावातील पंच बसतात, बाँडपेपरवर ‘मूल वडिलांकडे राहील, आईचा हक्क नाही’ असे लिहून सह्या होतात आणि नोटरीचा शिक्का बसतो. अशा कागदाने मुलाचे हित ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार संपत नाही, आणि कायद्याने मान्य केलेली जातीची रूढी सिद्ध झाल्याशिवाय हिंदू विवाहही अशा सोडचिठ्ठीने मोडत नाही. पोलीस ठाण्यात लिहून दिलेल्या जबाबाचेही तेच आहे, कारण ताबा कोणाला द्यायचा हे पोलीस ठरवू शकत नाहीत. समझोता मनापासून झाला असेल तर तो संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जात घालावा आणि भेटीचे दिवस, सुट्ट्या, शाळेचा खर्च हे सारे न्यायालयासमोर नोंदवून घ्यावे.

मूल पळवून नेले असेल आणि कुठे ठेवले आहे ते कळत नसेल, किंवा आईवडिलांपैकी एकाच्या मृत्यूनंतर नातेवाईक ते परत देत नसतील, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला न्यायालयासमोर हजर करण्याचा आदेश मागणारी, याचिका करता येते. तेजस्विनी गौड प्रकरणात 2019 मध्ये आईच्या पश्चात तिच्या नातेवाइकांकडे असलेले मूल वडिलांना याच मार्गाने मिळाले. तातडीच्या मदतीसाठी मुलांकरिता 1098 आणि स्त्रियांकरिता 181 हे क्रमांक आहेत.

भाषेची अडचण

इथल्या न्यायालयांचे कामकाज कन्नड व इंग्रजीत चालते, म्हणून मराठी कागदपत्रांचे भाषांतर जोडावे लागते. त्याहून महत्त्वाचे असे की, आपल्या नावाच्या अर्जात आणि शपथपत्रात काय लिहिले आहे ते वकिलाकडून मराठीत शब्दशः ऐकून घेतल्याशिवाय सही करू नये. ‘मूल दोन महिन्यांपूर्वी आले’ आणि ‘मूल दोन महिन्यांसाठी आले’ यांतला फरक संपूर्ण प्रकरण फिरवू शकतो. साक्ष मराठीत देता येते. ती ज्या भाषेत नोंदवली गेली ती साक्षीदाराला समजत नसेल, तर नोंद त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावी, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18, नियम 6 मध्ये आहे. हा नियम मागायला संकोच करू नये. व्हॉट्सअ‍ॅपवरील मराठी संदेश पुरावा म्हणून द्यायचे असतील तर फोन बदलू नये, संदेश पुसू नयेत आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार लागणारे प्रमाणपत्र वकिलाकडून तयार करून घ्यावे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रिया व मुले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या समितीकडे अर्ज करावा, किंवा 15100 वर फोन करावा.

निकालापर्यंत आणि त्यानंतर

मुख्य निकालाला वेळ लागतो. तोपर्यंत अंतरिम ताबा, आठवड्याच्या भेटी आणि व्हिडिओ कॉल यांसाठी वेगळा अर्ज द्यावा. ज्याच्याकडे मूल आहे त्याने भेटी अडवू नयेत, कारण मुलाला दोन्ही पालक हवे असतात आणि अडवणुकीची नोंद न्यायालय घेते. पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली अर्ज होतो आणि अंतरिम पोटगीचा निर्णय, शक्यतो नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत व्हावा, असे कायदा सांगतो. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालानुसार दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. बेळगावात झालेल्या या आदेशाची अंमलबजावणी, पती जिथे असेल तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडून, म्हणजे कोल्हापुरातही, करून घेता येते. थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज मात्र ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. मुलाचे वय, शाळा किंवा पालकाची परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो. कुटुंब न्यायालयाच्या अंतिम निकालावर अपील 30 दिवसांत करावे लागते. बेळगाव व कारवारकरांना त्यासाठी उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे, तर बिदर, भालकी, औराद भागातील लोकांना कलबुर्गी खंडपीठाकडे जावे लागते. म्हणून निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज देऊन ठेवावा.