गावठाणातल्या वाटेचा वाद असा मिटला

अंधेरीच्या गावठाणात आमच्या घरी यायला एकच बोळ, तोही शेजारच्या काकांच्या जागेतून. त्यांनी तिथे पत्र्याचं गेट लावून कुलूप घातलं. आईची व्हीलचेअर बाहेर काढता येईना, जीव तुटायचा.

वकिलांनी १८८२ च्या सुविधाधिकार (म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून जाण्यासारखा हक्क) कायद्यातलं कलम १५ दाखवलं: उघडपणे, विनाअडथळा, हक्काने २० वर्षं वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क मिळतो. परवानगी मागून वापरली असेल तर नाही! आणि वाट अडवल्यापासून २ वर्षांच्या आत दावा लावायला हवा.

सिटी सर्व्हेचा नकाशा, मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढली, नोटीस दिली. मग काकांसमोर बसलो. "चालत खुशाल जा रे, पण बाईक लावायच्या नाहीत," ते म्हणाले. रास्तच होतं. बोळाची रुंदी, वापर सगळं लिहून करार दुय्यम निबंधकांकडे नोंदवला, म्हणजे उद्या जागा विकली तरी वाट राहील.