कामाच्या ठिकाणी नको असलेला स्पर्श: ओळखायचा कसा, लिहायचा कसा

लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करायला कंपनीत अंतर्गत समिती असते. अशा काही समित्यांवर मी बाहेरची सदस्य म्हणून बसते. तक्रार घेऊन आलेली बाई बहुतेक वेळा सुरुवात अशी करते, "मॅडम, तसं फार काही झालं नाहीये." मग ती जे सांगते त्यात बरंच काही असतं. याला छळ म्हणायचं की आपणच मनाला लावून घेतोय, हे मात्र तिचं ठरत नसतं, आणि ते ठरेपर्यंत तक्रारीची मुदत संपत येते.

म्हणून आधी ठरवायचं कसं ते सांगते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. त्यातल्या व्याख्येत पहिलंच कृत्य आहे शारीरिक स्पर्श आणि लगट. कुठे हात लागला तर छळ, अशी अवयवांची यादी कायद्यात नाही, आणि नाही तेच बरं. खांद्यावरचा हात कधी नुसता हाक मारण्यासाठी असतो, कधी नसतो. पाहायच्या गोष्टी दोन: स्पर्श तुम्हाला नको होता का, आणि त्याचं स्वरूप लैंगिक होतं का. दोन्ही हवं. प्रयोगशाळेत सहकाऱ्याने हातातले नमुने हिसकावून बाहेर ढकललं, अशा तक्रारीत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं की प्रत्येक नकोसा स्पर्श लैंगिक छळ ठरत नाही. अशी दांडगाई गैरवर्तन आहेच, पण तिची दाद वेगळ्या मार्गाने मागायची.

"माझ्या मनात तसं काही नव्हतं" हा बचाव जवळजवळ प्रत्येक चौकशीत येतो. जानेवारी २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण होतं. साहेब बायकांच्या अगदी मागे उभे राहायचे, खांद्याला हात लावायचे, हस्तांदोलनाचा आग्रह धरायचे. हे देखरेखीचा भाग म्हणून, असं त्यांचं म्हणणं. करणाऱ्याचा हेतू काय होता यापेक्षा ते वागणं समोरच्या बाईला कसं पोचलं हे महत्त्वाचं, असं न्यायालयाने सांगितलं.

स्वरूप ओळखायला मी काही साधे प्रश्न विचारते. स्पर्शाचा कामाशी काय संबंध होता? शिडीवरून तोल जाणाऱ्याला धरलं, भरलेल्या लिफ्टमध्ये कोपर लागलं, तर कारण समोर दिसतं. एक्सेलमधली चूक दाखवायला मात्र माउसवरच्या हातावर हात ठेवावा लागत नाही. हात किती वेळ राहिला, तिथून सरकला का? तुम्ही अंग चोरलंत, खुर्ची पुढे ओढलीत, तेव्हा तो थांबला की पुन्हा जवळ आला? आजूबाजूला माणसं असताना हेच घडतं, की फक्त जिन्यात आणि रेकॉर्ड रूममध्ये? सोबत काय बोलला? "मी सगळ्यांशीच मोकळेपणाने वागतो" असं कोणी म्हटलं की मी विचारते, तुमच्या वरच्या साहेबांच्या पाठीवरूनही असाच हात फिरवता का? उत्तर नोंदवून घेते.

एकदाच झालं म्हणून सोडून द्यायचं का? नाही. वारंवार व्हायला हवं, अशी अट कायद्यात नाही. १९८८ मध्ये एका पार्टीत आयएएस अधिकारी रूपन देओल बजाज यांच्या पार्श्वभागावर पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी चापट मारली. उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला होता. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा चालवायला लावला, पुढे गिल दोषी ठरले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. एक चापट, तीही ऑफिसबाहेर. आजच्या कायद्यात तर कामानिमित्त जावं लागतं ती प्रत्येक जागा, कंपनीची गाडीसुद्धा, कामाचं ठिकाण धरली जाते. स्पर्श व्हायलाच हवा असंही नाही. तसा प्रयत्न पुरेसा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगितलंय.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" हा प्रश्न मी समितीत विचारू देत नाही. समोरचा माणूस तुमची रजा मंजूर करतो, अप्रेझल लिहितो, तेव्हा बाई हसून विषय बदलते, उठून पाणी प्यायला जाते. तिचा नकार तिथेच असतो.

आता लिहिण्याविषयी, कारण चांगल्या तक्रारी इथे लंगड्या पडतात. हातात येतं ते असं: "सरांनी माझ्याशी गैरवर्तन केले. मला खूप मानसिक त्रास झाला." खरं आहे, पण यावर चौकशी कशाची करायची? मग तिला शेजारी बसवून विचारत जायचं. तुम्ही काय करत होतात, तो कुठून आला, कुठला हात, कुठे, पुढे काय. एका तक्रारीतला मजकूर शेवटी असा झाला (ओळख पटेल ते सगळं बदललं आहे):

"मी जागेवर बसून महिनाअखेरचं स्टेटमेंट तपासत होते. सर मागून आले. त्यांनी डावा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मग तो माझ्या मानेखाली आला आणि अंगठा ब्लाउजच्या कडेवरून फिरवला. मी पुढे सरकले. त्यांनी हात काढला नाही. 'एवढं टेन्शन कशाला घेतेस' म्हणाले. मी उठून बाहेर गेले. प्रिंटरपाशी एक सहकारी उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं."

यात एकही विशेषण नाही. अंगठा फिरवला म्हटल्यावर "चुकून लागला" टिकत नाही. पुढे सरकले, यातून नको होतं हे कळतं. प्रिंटरपाशी उभी असलेली बाई साक्षीदार होते. अवयवाचं नाव लिहायला लाजू नका. समितीला ते वाचावंच लागतं.

हे त्याच दिवशी लिहा आणि स्वतःलाच ईमेल करा, म्हणजे तारीख-वेळ राहते. मैत्रिणीला केलेला मेसेज पुसू नका. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत आपोआप जातं, तेव्हा ते जपून ठेवा असं कंपनीला लेखी कळवा.

घटनेपासून, किंवा अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत तक्रार लेखी द्यायची. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. नियमाप्रमाणे सहा प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायचीच आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार नोंदवता येते. पोलिसांकडे जायचं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ आहे, आणि एक वाट धरली म्हणून दुसरी बंद होत नाही.

चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हायला हवी. तोवर त्याच माणसाच्या हाताखाली बसावं लागू नये म्हणून बदली, तीन महिन्यांपर्यंत रजा, किंवा त्याने तुमचं मूल्यमापन करू नये अशी व्यवस्था मागता येते. ही मागणी लेखी करावी लागते आणि फार थोड्या जणी ती करतात. समेटही तुम्ही मागितला तरच, आणि पैसे घेऊन मिटवणं कायद्याला मंजूर नाही. "सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच कारवाई होईल" अशी भीती कोणी घातली तर घाबरू नका. जाणूनबुजून खोटी तक्रार आणि पुरावा कमी पडलेली तक्रार यांत कायदा स्पष्ट फरक करतो.

या कायद्याखाली पुरुषाला तक्रार करता येत नाही, ही मोठी उणीव आहे असं माझं मत आहे. त्याने कंपनीचं धोरण पाहावं. कितीतरी धोरणांत स्त्री-पुरुष भेद ठेवलेला नसतो. बाईने बाईविरुद्ध केलेली तक्रार मात्र चालते, असा कलकत्ता उच्च न्यायालयाचा २०२० चा निर्णय आहे.

आणि प्रिंटरपाशी तुम्ही उभ्या असाल तर? पाहिलं ते तुम्हीही तारखेसह लिहून ठेवा. तिला बाजूला घेऊन "मी पाहिलं, लागलं तर सांगेन" एवढं म्हणा. तक्रार करायची की नाही हे तिला ठरवू द्या, आणि दुसऱ्या कोणाला सांगू नका.