कॅम्पसवरच्या पंप-मोटारींची देखभाल आखताय? या चुका टाळा

कॉलेजात नवा मेंटेनन्स इंजिनिअर रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात रंगीत एक्सेल शीट तयार होते. ५२ आठवडे, चौकोनाचौकोनात हिरवा-पिवळा रंग, वर संस्थेचा लोगो. प्राचार्य खूश. मी एवढंच विचारतो, "हॉस्टेलच्या पंपाची नेमप्लेट वाचलीस का रे?" बहुतेकदा नेमप्लेटवर पेंटरने ऑइल पेंट फासलेला असतो आणि साहेब पंपहाउसपर्यंत गेलेलेच नसतात. आधी टॉर्च आणि वही घेऊन सगळा कॅम्पस पायी फिरा. पंप किती एचपीचा, बेअरिंग कुठल्या नंबरचं, व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो फिरतो तरी का, हे लिहून काढा. रंग नंतर भरा.

रजिस्टरमध्ये नुसती टिक

माझा सगळ्यात जास्त राग हिच्यावर. एका कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलला ७.५ एचपीचे दोन पंप होते, एक चालू, एक स्टँडबाय. रजिस्टरमध्ये दर सोमवारी दोन्हींपुढे टिक आणि 'ओके'. ऐन परीक्षेत चालू पंपाचं बेअरिंग जाम झालं. ऑपरेटरने स्टँडबायचं बटण दाबलं, तर मोटार नुसती गुरगुरली आणि जास्त करंट गेला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले ट्रिप. रिसेट केलं, पुन्हा ट्रिप. मी पोचलो तेव्हा गेटवर टँकर उभा होता आणि मुली बादल्या घेऊन रांगेत. मोटार आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचा गार्ड काढून शाफ्ट हाताने फिरवून बघितला, तसूभर हलेना. खोलल्यावर कळलं, ग्लँडची दोरी (शाफ्टभोवतीची गळती रोखणारी) सुकून शाफ्टवरच्या स्लीव्हला चिकटलेली आणि इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) नि त्याभोवतीची वेअर रिंग गंजाने एकजीव झालेले. पंप कित्येक महिने फिरलाच नव्हता. ऑपरेटरला विचारलं, मग हे 'ओके' कशाचं? म्हणाला, "साहेब, पंप जागेवर होता की."

त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. टिक मागितली, त्याने टिक दिली. म्हणून माझ्या रजिस्टरमध्ये टिकेला जागाच नसते, आकडा लागतो. टाँग टेस्टरने (वायरला चिमट्यासारखा लावायच्या मीटरने) घेतलेला तिन्ही फेजचा करंट, डिलिव्हरी गेजवरचं प्रेशर, आणि टाकी भरायला लागलेली मिनिटं. खोटा आकडा लिहायलाही डोकं लागतं आणि तो दोन-तीन आठवड्यांत उघडा पडतो. ७.५ एचपीची थ्री फेज मोटार पूर्ण लोडवर साधारण ११ ॲम्पिअरच्या आसपास घेते. नेहमी ९ वर चालणारा पंप ८ वर आला आणि टाकी भरायला जास्त वेळ लागू लागला, तर पाणी ओढणाऱ्या पाइपाची गाळणी (स्ट्रेनर) किंवा तळाचा फूट व्हॉल्व्ह तुंबलाय, नाहीतर इंपेलर झिजलाय. करंट उतरला म्हणजे वीज वाचली, असं समजून खूश होणारे महाभागही मी पाहिलेत.

पंपांची पाळी बदलायचीच. पण पुस्तकात असते तशी सारखी वाटणी मी करत नाही. एक पंप दोन आठवडे, दुसरा एक आठवडा. दोन्ही सारखे पळवले तर दोन्ही एकदमच थकतात, आणि मग खरेदी विभागात तुमची फाइल घेऊन फिरा.

ग्रीस म्हणजे तूप नव्हे

जास्त घातलं की जास्त चांगलं, हा समज कुठून आला देव जाणे. हाउसिंगमधली मोकळी जागा एक तृतीयांश ते निम्मी भरली की पुरे. ठासून भरलेलं ग्रीस आतल्या आत घुसळलं जातं, बेअरिंग तापतं, आणि सील ओलांडून ग्रीस मोटारीच्या वाइंडिंगवर जातं. नवशिका हात लावतो, गरम लागलं की आणखी चार स्ट्रोक मारतो! आणि बेअरिंगच्या नंबरापुढे 'झेडझेड' असेल, म्हणजे ६३०८ झेडझेडसारखं, तर त्याला दोन्ही बाजूंनी पत्र्याची शील्ड असते, आतलं ग्रीस कारखान्यातूनच भरून येतं. तिथे ग्रीस गन चालवणं म्हणजे निव्वळ फरशी खराब करणं. दुकानदार देईल तो डबाही आणू नका. लिथियमवालं आणि पॉलियुरियावालं ग्रीस एकमेकांत बऱ्याचदा जुळत नाही, पातळ होऊन वाहून जातं. आमच्याकडे मोटारीवरच कुठलं ग्रीस ते पेंटने लिहिलेलं असतं.

ग्लँड आवळून कोरडी करणे

दोरीच्या ग्लँडमधून थेंब पडायलाच हवेत, त्यानेच ती गार राहते. थेंब बंद केलात तर स्लीव्ह कापली जाणार. गळती डोळ्यांना खुपत असेल तर मेकॅनिकल सीलचा (दोरीऐवजी घासून बसणाऱ्या दोन चकत्यांचा) पंप घ्या.

कंपनीच्या तारखा, कॉलेजची परीक्षा

मॅन्युअलमध्ये 'दर तीन महिन्यांनी' लिहिलेलं असतं, म्हणून एप्रिलमध्ये परीक्षा हॉलचा एसी खोलून ठेवायचा का? एसीचं काम फेब्रुवारीत उरका. टाक्या धुणं आणि पंपाचं ओव्हरहॉलिंग दिवाळीच्या सुट्टीत, हॉस्टेल रिकामं असताना. रजिस्ट्रार ऑफिसातून परीक्षेच्या तारखा मिळाल्याशिवाय मी एकही शटडाउन लिहीत नाही.

फायर पंप 'मॅन्युअल'वर

हे पाहिलं की माझं डोकं फिरतं. लाइनमध्ये कुठेतरी बारीक गळती असते, त्यामुळे जॉकी पंप (लाइनमधलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप) सारखा सुरू-बंद होतो. रात्री वॉचमनची झोपमोड होते, म्हणून तो सिलेक्टर मॅन्युअलवर टाकतो. आग लागली तर प्रेशर पडूनही मुख्य पंप आपोआप सुरू होणार नाही. गळती शोधा. डिझेल इंजिनची बॅटरी नुसता व्होल्टमीटर लावून पास करू नका, इंजिन क्रँक करून बघा. खचलेली बॅटरीही मीटरवर १२ व्होल्ट दाखवते. महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैमध्ये लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. तो कागद फाइलला लागला की वर्षाचं काम संपलं असं बऱ्याच संस्था धरून चालतात. मी दर शनिवारी टेस्ट लाइनचा व्हॉल्व्ह उघडून प्रेशर पाडतो आणि कुठला पंप किती प्रेशरला सुरू होतो ते लिहितो. दहा मिनिटांचं काम आहे.

बाकीच्या चुका

एएमसी (वार्षिक देखभाल करार) आहे म्हणून निश्चिंत राहू नका, करारात काय काय वगळलंय ते आधी वाचा. जनरेटर दर आठवड्याला बिनलोड घुरघुरवत ठेवू नका, सायलेन्सरमध्ये काळं ओशट साचतं. निदान ३० टक्के लोड टाकून अर्धा तास चालवा. मशीनवर क्यूआर कोडची स्टिकरं लावण्याआधी एक मेकॅनिकल सील, बेअरिंगचा एक जोड आणि कपलिंगचं रबर कपाटात आणून ठेवा. बेसमेंटमध्ये साचलेलं पाणी उपसणाऱ्या संप पंपाचा फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) मे महिन्यातच हाताने उचलून बघा, पंप सुरू झाला नाही तर पाऊस यायच्या आत दुरुस्तीला वेळ मिळतो.