वाळू न फोडता बघा कितपत घट्ट झालीय ते

बॅक्टेरिया, युरिया आणि कॅल्शियम क्लोराइड घालून वाळू घट्ट करायलाय काय, मग दर डोसानंतर सॅम्पल फोडून बघू नका, एकदा फोडलं की तो नमुना गेला की हो. खानापूरकडची मलप्रभेची वाळू घेतली तर आधी पाणी नितळ येईपर्यंत धुवा, गाळ राहिला की द्रावण नीट शिरत नाही.

पाईपमध्ये वाळू भरताना समोरासमोर बेंडर एलिमेंट बसवा, म्हणजे पिझोच्या (वीज दिली की हलणाऱ्या, हलवलं की वीज देणाऱ्या) बारीक पट्ट्या, एक हलून वाळूत लाट सोडते आणि दुसरी ती पकडते. इपॉक्सीचा लेप द्याच, पाणी शिरलं की पट्टी कामातनं गेली. दोन टोकांमधलं अंतर भागिले लाटेला लागलेला वेळ, झाला वेग. १०० मिमीला ०.५ मिलिसेकंद लागले तर २०० मीटर प्रति सेकंद, तेच ०.२ वर आलं तर ५००, आणि ताठरपणा वेगाच्या वर्गाने वाढतो म्हणून तो सहापट झाला समजा! फक्त सुरुवातीचा छोटा उंचवटा खरी लाट धरू नका, तिथेच बरेच जण फसतात, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून मशीनचा स्वतःचा उशीर आधी मोजा आणि वजा करा.

जोड्या वर, मधे, खाली अशा तीन ठिकाणी हव्यात, कारण द्रावण जिथून सोडता तिथेच कॅल्साइट, म्हणजे वाळूचे कण जोडणारं कॅल्शियम कार्बोनेट, जास्त साठतं. खिडकी उघडी ठेवा, अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. शेवटचा एकच नमुना फोडून ॲसिडने कॅल्साइट मोजा, वेगाशी ताळा घाला.