दुकानदार माणसाच्या आठवणी लिहायच्या तर

वर्षश्राद्धाला एक छोटी पुस्तिका काढायची असं ठरतं आणि कुणीतरी लिहून टाकतं, "अण्णा कष्टाळू, मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीचे होते." बार्शीतल्या कुठल्याही अण्णांना हे वाक्य चालेल. सासऱ्यांचं किराणा-भुसार दुकान होतं. लिहायचं काम सुनेकडे, म्हणजे माझ्याकडे आलं, तेव्हा मी त्यांचे गुण कुणालाच विचारले नाहीत. दुकानापासून सुरुवात केली. तुम्हीही तशीच करा.

आधी वह्या. कीर्द, खतावणी, उधारीची वही, जे असेल ते माळ्यावरून खाली काढा. रद्दीवाल्याला बोलवायची घाई असलेला एक जण प्रत्येक घरात असतो, त्याला तेवढे दिवस लांब ठेवा. लाल वह्यांच्या पहिल्या पानावर 'श्री' काढून पूजनाची तिथी घातलेली असते, तिच्यावरून वह्या वर्षवार लावता येतात. बेरजा तपासत बसू नका, समास बघा. आमच्या खतावणीत एका खात्यापुढे पेन्सिलीनं लिहिलंय, "लग्न आहे, मागू नये." अण्णांच्या स्वभावाबद्दल मी पानभर लिहिलं होतं, ते काढून ही ओळ ठेवली.

सनावळीचं अवघड असतं. म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, त्या वेळची अडचण बरोबर आठवते. म्हणून "दुकान कधी टाकलं?" असं न विचारता "तेव्हा शेर होता की किलो?" असं विचारा. नवे पैसे 1957 च्या एप्रिलात आले आणि किलो पुढच्या वर्षापासून टप्प्याटप्प्यानं. 1972 च्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाल्लेला माणूस "त्याच्या आधी की नंतर" हे पटकन सांगतो. आमच्या भागात 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाटही कुणी विसरलेलं नाही. अलीकडचं विचारायचं तर नोटाबंदी आणि जीएसटी आहेतच.

मग माणसं. मुलांना शेवटी विचारा, त्यांनी वडील घरी दमून आलेलेच पाहिलेले असतात. आधी हमाल, शेजारचा चहावाला, आडतीवरचे दिवाणजी. आमच्या हमालमामांनी सांगितलं, की गाडी आली आणि माणूस कमी पडला तर अण्णा स्वतः पोत्याखाली खांदा द्यायचे, आणि संध्याकाळी हमालीवरून पैशापैशाला भांडायचे. दोन्ही लिहा. नुसता पहिला भाग लिहिलात तर गावातली माणसं गालात हसतील.

एक प्रश्न न चुकता विचारा: दुपारी ते जेवायला गेले की गल्ल्यावर कोण बसायचं? आमच्याकडे सासूबाई. डाळी निवडायच्या त्याही, सुट्टे पैसे मोजून ठेवायच्या त्याही. पाटीवर नाव मात्र अण्णांचं. हा प्रश्न विचारला नसता तर पुस्तिकेत त्या फक्त "सुशील पत्नी" म्हणून उरल्या असत्या.

"दिवसरात्र राबले" असं लिहिण्यापेक्षा त्यांचा हात कसा चालायचा ते लिहा. अण्णा पेपरचा तुकडा गुंडाळून शंख करायचे, त्यात साखर ओतून तोंड दुमडायचे. डोक्यावर टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून पुडीला दोन वेढे, आणि झटका देऊन तोड. हे चालू असताना तोंडानं आधीच्या गिऱ्हाइकाची बेरीज. वजनं अजून घरात असतील तर उलटी करून बघा: शिशावर पडताळणीचे शिक्के ठोकलेले असतात. त्यांचा जवळून फोटो घ्या. हार घातलेल्या फोटोपेक्षा तो पुस्तिकेत जास्त शोभतो.

छापण्याआधी सगळं एकदा दिवाणजींना वाचून दाखवा, भाव आणि मालाची नावं तेच दुरुस्त करतील. आणि उधारीवाल्यांची नावं गाळा. गाव लहान आहे, त्यांची नातवंडं तिथेच राहतात. साल आणि रक्कम ठेवली तरी भागतं.